येलदरीत नारळाचे झाड

परभणी जिल्ह्याच्या जिंतूर तालुक्यात पूर्णा नदीवर येलदरीचे धरण आहे. १९६८ साली ते पूर्ण झाले. सुमारे ५१ मीटर उंचीची मातीची भिंत, तिच्यामागे नजरेत न मावणारे पाणी, पायथ्याशी वीजघर आणि भोवती बाभळी, पळस, कापसाची व तुरीची राने, असा हा मुलूख आहे. येथल्या एखाद्या पाचवीतल्या मुलाच्या हाती कागद देऊन 'बाळ, एक निसर्गचित्र काढ' असे सांगून पाहा. तो काय काढील? धरण? पूर्णामाई? वाऱ्याने एका अंगाला कललेली बाभूळ? छे! तो दोन त्रिकोणी डोंगर काढील, त्यांच्या मधोमध अर्धा सूर्य काढील, डोंगरातून निघालेली नागमोडी नदी काढील, नदीकाठी एक कौलारू घर काढील आणि त्या घराला टेकून नारळाचे झाड उभे करील! पूर्णेच्या काठी नारळाची बाग कोणी पाहिली आहे? पण चित्रात ती आहे. सोलापूरच्या मुलाच्या चित्रात आहे, चंद्रपूरच्या मुलाच्या चित्रातही आहे. अवघ्या महाराष्ट्रात आज एकच निसर्ग उरला आहे आणि तो दुकानात विकत मिळणाऱ्या तयार चित्रांच्या पुस्तकातला आहे.

मुलाला दोष देण्यात अर्थ नाही. दोष आहे तो आपण मोठ्या माणसांनी उराशी कवटाळलेल्या दोन भाबड्या समजुतींचा. पहिली समजूत अशी की, खरे चित्र कलावंताच्या हातून एका दमात उतरते. प्रतिभा अंगात आली की झाले! मग खोडाखोड कशाला आणि कच्चे कागद कशाला? दुसरी समजूत अशी की, जो दुसऱ्यापासून शिकला तो उसना, आणि जो कोणापासूनही शिकला नाही तोच अस्सल. या दोन समजुती वरवर वेगळ्या दिसतात. वस्तुतः त्या जुळ्या बहिणी आहेत. चित्र तयार होताना आपण कधी पाहिलेलेच नाही, चित्रकाराचे कच्चे कागद आपल्याला कोणी दाखवलेलेच नाहीत, म्हणून या बहिणी आपल्या घरात इतक्या सुखाने नांदत आहेत. त्यांना घराबाहेर काढावे, एवढ्याचसाठी हा लेखप्रपंच.

आपल्या भाषेनेही या बाबतीत थोडा घात केला आहे. युरोपात ज्याला रोमँटिक म्हणतात त्या पंथाला आपल्या पंडितांनी 'स्वच्छंदतावाद' असे नाव दिले. शब्द मोठा गोड आहे. पण तो ऐकताच डोळ्यांपुढे कोण उभे राहते? केस वाढवलेला, मनास येईल तेव्हा कुंचला उचलणारा आणि मनास येईल तेव्हा टाकून देणारा कोणी छांदिष्ट. शिस्त, अभ्यास, तयारी यांच्याशी त्याचे जणू हाडवैर! आता या पंथाचे जे धुरीण त्यांच्याच घरात डोकावून पाहू या.

१८१६ साली 'मेदूसा' नावाचे फ्रेंच जहाज आफ्रिकेच्या किनाऱ्याजवळ अडकले. दीडशेच्या आसपास माणसे एका घाईने बांधलेल्या तराफ्यावर सोडून देण्यात आली; तेरा दिवसांनी त्यांतली अवघी पंधरा जिवंत सापडली. या विषयावर थेओदोर जेरिको या तरुण चित्रकाराने जे चित्र रंगवले ते १८१९ साली पॅरिसच्या प्रदर्शनात लागले. सुमारे पाच मीटर उंच आणि सात मीटर रुंद असे ते अजस्र चित्र म्हणजे रोमँटिक कलेची जणू गुढीच होय. पण ही गुढी उभारण्याआधी त्या गृहस्थाने काय काय केले? वाचलेल्या माणसांना गाठून त्यांच्या तोंडून हकीकत ऐकली. वाचलेल्यांपैकी जो सुतार होता, त्याच्याकडून तराफ्याची लहान प्रतिकृती करवून घेतली. इस्पितळात जाऊन मरणपंथाला लागलेल्या माणसांचे चेहरे व प्रेतांचे अवयव रेखाटले. तराफ्यावरचे बंड रेखाटून पाहिले, माणसाने माणूस खाल्ल्याचा भीषण प्रसंग रेखाटून पाहिला, सुटकेचा प्रसंग रेखाटून पाहिला. आणि हे सारे बाजूला ठेवून शेवटी दूर क्षितिजावर जहाजाचा ठिपका दिसतो तो क्षण निवडला. ती देहांची रचना करताना इटलीत पाहिलेला मायकेलँजेलो त्याच्या हातात होता, हेही जाणकार सांगतात. मग सांगा, हा स्वच्छंद की वेठबिगार?

त्या चित्रातल्या एका पालथ्या पडलेल्या देहासाठी जेरिकोसमोर जो मित्र बसला, तो पुढे या पंथाचा म्होरक्या झाला. त्याचे नाव युजेन देलाक्रवा. पॅरिसच्या लूव्र संग्रहालयात जाऊन त्याने रूबेन्सच्या चित्रांच्या नकला केल्या. होय, चक्क नकला! १८२४ साली त्याचे स्वतःचे मोठे चित्र प्रदर्शनाला निघाले असताना त्याने कॉन्स्टेबल या इंग्रज चित्रकाराचे काम पाहिले आणि आपल्या तयार चित्रातले रंग पुन्हा हाताळले. १८३२ साली तो मोरोक्कोला गेला आणि तिथून रेखाटनांनी भरलेल्या वह्या घेऊन परतला. त्या वह्यांच्या शिदोरीवर त्याने पुढची तीस वर्षे चित्रे केली. १८६३ साली तो वारला तेव्हा त्याच्या घरात हजारो रेखाटने निघाली. मेल्यावरही आपले कच्चे कागद नीट लावून, यादी करून जगापुढे यावेत, अशी त्याचीच इच्छा होती. त्याला या कागदांची लाज वाटत नव्हती. लाज वाटते ती आपल्याला.

'फ्रान्सच्या गोष्टी फ्रान्सला ठेवा, आपल्याकडचे बोला,' असे कोणी म्हणेल. ठीक आहे, आपल्याकडचेच बोलू. रावबहादूर महादेव विश्वनाथ धुरंधर १८६७ साली कोल्हापुरात जन्मले, १८९० साली मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये विद्यार्थी म्हणून दाखल झाले आणि १८९५ साली त्यांनी बाँबे आर्ट सोसायटीचे सुवर्णपदक मिळवले. त्याच संस्थेत त्यांनी पुढे पिढ्या घडवल्या. त्या सहवासाची हकीकत त्यांनी १९४० साली 'कलामंदिरातील एकेचाळीस वर्षे' या नावाने प्रसिद्ध केली. आपल्या आजी-पणजी देवापुढे बसून ज्या कहाण्या सांगत, त्या किंकेड नावाच्या साहेबाने 'डेक्कन नर्सरी टेल्स' या पुस्तकात १९१४ साली इंग्रजीत आणल्या; त्यांतली चित्रे धुरंधरांची. रॉथफील्डच्या १९२० सालच्या 'विमेन ऑफ इंडिया' या पुस्तकातल्या नाना प्रांतांच्या, नाना जातींच्या स्त्रिया, त्याही धुरंधरांच्याच. पोस्टकार्डांपासून पौराणिक तसबिरींपर्यंत त्यांचा कुंचला मराठी घरांतून फिरला. २०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांच्या कामाचे मोठे प्रदर्शन भरले. त्याला नाव दिले होते 'द रोमँटिक रिअॅलिस्ट'. म्हणजे आपला हा रोमँटिकच. पण पाय जमिनीवर असलेला.

धुरंधरांचे शिक्षण साहेबाच्या पद्धतीचे. ग्रिफिथ्स साहेब मुख्याध्यापक, समोर ग्रीक पुतळ्यांचे प्लॅस्टरचे साचे, आणि आदर्श लंडनच्या अकादमीचा. शिवाय राजा रविवर्म्याच्या पौराणिक चित्रांचा त्या काळी सर्वत्र दरारा. एवढ्यावरून 'ते काय, विलायती वळणाचे चित्रकार!' असा शेरा मारून मोकळे होणारे लोक अजून आहेत. त्यांना मी एकच सांगतो: तयार चित्रे क्षणभर बाजूला ठेवा आणि त्यांची पेन्सिलची रेखाटने पाहा. ग्रीक पुतळा खांदा कसा वळतो ते शिकवील, गुडघ्यावर भार कसा येतो ते शिकवील. पण ग्रीक पुतळ्याला काष्टा नसतो! नऊवारी नेसलेली बाई खाली वाकली की निऱ्या कुठे दुमडतात, पदर खोचला की पाठीवर ताण कसा पडतो, डोक्यावर ओझे घेऊन चालताना मान ताठ आणि कंबर सैल कशी राहते, हे अथेन्सला कोणी शिकवणार नव्हते. ते शिकायला चित्रकाराला मुंबईच्या रस्त्यावर, घाटावर, घरच्या ओट्यावर पेन्सिल घेऊन उभे राहावे लागते. प्रभाव कुठे संपतो आणि माणूस कुठे सुरू होतो, ते त्या रेखाटनांत दिसते. तयार तसबिरीत ते दिसत नाही, कारण तिथे शिवण आतल्या बाजूला गेलेली असते.

ही उसनेपणाची ओरड नवी नव्हे. गेल्या शतकाच्या पहिल्या दशकात हॅवेल, आनंद कुमारस्वामी, भगिनी निवेदिता यांनी रविवर्म्यावर हीच तोफ डागली आणि तिचे गोळे मुंबईच्या चित्रकारांवरही येऊन पडले. या मंडळींचे उपकार मोठे आहेत. अजिंठा आणि राजपूत-मोगल कलमे यांच्याकडे सुशिक्षितांची तोंडे त्यांनी वळवली, हे विसरणे कृतघ्नपणाचे होईल. परंतु त्यांनी ज्यांना स्वदेशी कलेचे प्रणेते म्हणून मिरवले ते अवनींद्रनाथ ठाकूर कोणाजवळ शिकले? गिलार्डी या इटालियनाजवळ आणि पामर या इंग्रजाजवळ! आणि त्यांच्या चित्रांतली ती धुक्यासारखी पसरणारी रंगाची धुलाई कोठून आली? १९०३ च्या सुमारास कलकत्त्यास आलेल्या योकोयामा ताइकान आणि हिशिदा या जपानी चित्रकारांपासून! याने अवनींद्रनाथ लहान ठरतात काय? मुळीच नाही. ते मोठेच ठरतात. मग हाच न्याय कोल्हापूरच्या धुरंधरांना का नाही? जपानचे घेतले तर ती साधना आणि इंग्लंडचे घेतले तर ती गुलामी, हा कुठला ताजवा?

आता जरा आपल्या मराठवाड्यातच येऊ. अजिंठ्याहून अस्सल आपल्यापाशी दुसरे काय आहे? त्या भिंतींवरही आधी गिलावा, त्यावर पांढरे अस्तर आणि त्या अस्तरावर तांबड्या रेषेने काढलेला आराखडा आहे; रंग नंतर आले. म्हणजे ज्यांची नावेसुद्धा मागे उरली नाहीत त्या महापुरुषांनाही कच्च्या रेषेवाचून पुढे जाता आले नाही. १८१९ साली, म्हणजे पॅरिसमध्ये जेरिकोचा तराफा लागला त्याच साली, इंग्रज शिकारी स्मिथ या लेण्यांपाशी पोचला. पुढे १८४४ पासून रॉबर्ट गिल याने या चित्रांच्या प्रती करण्यात वर्षानुवर्षे घालवली. त्यांतल्या बहुतेक १८६६ साली लंडनच्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. मग १८७२ पासून १८८५ पर्यंत ग्रिफिथ्सने जे. जे. स्कूलचे विद्यार्थी नेऊन पुन्हा प्रती करवल्या. त्यांतल्याही कित्येक १८८५ च्या आगीत गेल्या, उरलेल्या लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात आहेत. मूळ भिंतींचे रंग तेव्हापासून विरत, झडत गेले. आज एखाद्या भिंतीवर पूर्वी काय होते हे जाणायचे तर त्या 'नकलां'नाच शरण जावे लागते. १९०९ ते १९११ या काळात लेडी हेरिंगहॅमबरोबर नंदलाल बोस, असितकुमार हलदार यांनी तिथे बसून प्रती केल्या, आणि त्या नकलेतून नंदलालबाबूंची पुढची सारी रेषा बळकट झाली. नक्कल हा शब्द शिवीसारखा वापरणाऱ्यांनी एकदा त्या अंधाऱ्या लेण्यात दिव्याच्या उजेडात दिवसचे दिवस बसून दाखवावे!

'मग तुमच्या पाचवीतल्या मुलाने तयार पुस्तकातून नारळाचे झाड उतरवले तर तुमचे काय गेले?' असा चतुर प्रश्न येथे कोणी करील. प्रश्न चांगला आहे आणि त्याचे उत्तर देणे माझ्यावर आहे. नकलेच्या दोन जाती आहेत. एक नक्कल पाहायला शिकवते, दुसरी पाहण्यापासून वाचवते. देलाक्रवा रूबेन्सची नक्कल करून मोरोक्कोच्या उन्हात जाऊन बसला. नंदलालबाबू अजिंठ्याची नक्कल करून संथाळांच्या वस्तीत गेले. नकलेने त्यांना बाहेर ढकलले. आमच्या मुलाला मात्र नक्कल घरात कोंडते. नारळाचे झाड पाठ झाले की बाभळीकडे पाहावयाचे कारण उरत नाही. आपल्याकडे शासकीय रेखाकला परीक्षा आहेत. एलिमेंटरी आणि इंटरमीजिएट या नावांनी त्या घरोघरी ठाऊक आहेत. त्यांत स्मरणचित्राची प्रश्नपत्रिका असते. काय सुंदर शब्द आहे पाहा, स्मरणचित्र! आपण पाहिलेली जत्रा, आपण भिजलेला पाऊस, आपल्या गावचा बाजार आठवून काढायचा. पण या परीक्षेच्या श्रेणीवर दहावीला वाढीव गुण मिळू लागले आणि पालकांचे डोळे गुणांवर खिळले. मुले मार्गदर्शकातली जत्रा पाठ करतात आणि पेपरात ओकतात. पाळणा तोच, फुगेवाला तोच, फुगेवाल्याच्या टोपीचा रंगही तोच! हे स्मरणचित्र खरे. पण स्मरण कोणाचे? पुस्तक छापणाऱ्याचे!

दुसरा आक्षेप आमच्या रसिक मंडळींचा. ते म्हणतात, 'पाहुण्याला दिवाणखान्यात बसवावे, स्वयंपाकघरात कशाला न्यावे? कलावंताने जे पूर्ण केले ते पाहावे, त्याची खोडाखोड पाहणे असभ्यपणाचे आहे.' दिवाळीचे दिवस आहेत, म्हणून उत्तरही फराळाचेच देतो. ताटातली काटेरी, खुसखुशीत चकली पाहून कोणाला चकली करता आली आहे काय? त्यासाठी भाजणी किती भाजली, मोहन किती घातले, पहिला घाणा का विरघळला, हे पाहावे लागते. आणि ते स्वयंपाकघरातच दिसते. शिवाय आपल्या घरच्या चकलीत आईचे माहेर असते, आजेसासूचा हात असतो, शेजारणीची एखादी युक्ती असते. तिला कोणी उसनी म्हणते का? उलट 'आमच्याकडची चकली' म्हणून आपण ती अभिमानाने पुढे करतो. कलेला तेवढा निराळा कायदा का?

तिसरा आक्षेप मात्र मला खरोखर जड वाटतो, कारण तो गरिबीचा आहे. खेड्यातला बाप म्हणतो, 'कागद महाग, रंग महाग. पोराने एकाच चित्राला दहा कागद नासले तर परवडणार कसे?' त्याला मी धरणाकडे बोट दाखवतो. येलदरीसारखी मातीची भिंत उभी करावयाची तर आधी मोजणी लागते, नकाशे लागतात, जागोजाग खड्डे घेऊन माती तपासावी लागते. त्या खर्चाला कोणी नासाडी म्हणत नाही. तो वाचवला तर पुढे काय होईल हे सर्वांना कळते. आणि चित्राची पूर्वतयारी तर त्याहून पुष्कळ स्वस्त आहे. पाठकोऱ्या कागदावर, जुन्या वहीच्या उरलेल्या पानांवर, पाटीवर, कोळशाच्या तुकड्याने ओट्यावरही ती होते. रेखाटनाला तलम कागद लागत नाही, समोरची वस्तू लागते. आणि ती तर पूर्णेच्या काठी फुकट आहे. जाळे झटकणारा भोई आहे, सांडव्यावरून कोसळणारे पाणी आहे, बैलाच्या पाठीवर बसलेला बगळा आहे. खेड्यातला मुलगा या बाबतीत शहरातल्या मुलापेक्षा श्रीमंतच म्हटला पाहिजे.

आता केवळ टीका करून थांबणे मला पसंत नाही. चार गोष्टी मागतो, आणि त्या चारही होण्यासारख्या आहेत.

पहिली मागणी शाळांकडे. चित्रकलेच्या तासाला सुबक वहीबरोबर एक कच्ची वही असावी आणि शिक्षकांनी गुण द्यावयाचे ते आधी त्या कच्च्या वहीला द्यावेत. ज्या शाळेत चित्रकलेला शिक्षकच नाही, तिथे तो असावा, हे तर सांगावयास नकोच. पण सांगावे लागते ही आपली शोकांतिका आहे.

दुसरी मागणी परीक्षा घेणाऱ्यांकडे. स्मरणचित्राच्या अंतिम कागदाबरोबर मुलाने तयारीसाठी केलेली दोन-तीन रेखाटनेही जोडून घ्यावीत. पाठ केलेल्या चित्राला तयारीची रेखाटने नसतात. घोकंपट्टी तिथेच उघडी पडेल.

तिसरी मागणी संग्रहालयांकडे. थोरांच्या चित्राशेजारी त्याची पूर्वरेखाटने टांगा, आणि तो कोणापासून काय शिकला ते साध्या मराठीत लिहा. मुंबईचे प्रदर्शन मुंबईतच विझू नये. मूळ कागद नाजूक असतात हे मान्य. पण त्यांच्या छापील प्रती परभणीला, जिंतूरला, हिंगोलीला यायला हरकत कोणती? आमच्या मुलांनी धुरंधरांचे पुसलेले हात आणि बदललेल्या रेषा पाहिल्या, तर त्यांचा स्वतःच्या खोडरबरावरचा राग कमी होईल.

चौथी मागणी, वाचकहो, थेट तुमच्याकडे आहे, आणि ती आजच्या आज पुरी होण्यासारखी आहे. दिवाळीच्या आधी आपण घर झाडतो. माळ्यावरून ट्रंका खाली येतात. मराठी मुलखात कितीतरी चित्रकला शिक्षक होऊन गेले. त्यांनी शाळांच्या भिंती रंगवल्या, नाटकांचे पडदे रंगवले, गणपतीची मखरे सजवली. त्यांच्या माघारी त्यांच्या वह्या त्या ट्रंकांत पडून आहेत. पुरी चित्रे कोणी कोणी नेली, भिंतींवर लावली. पण पेन्सिलच्या वह्यांना 'यात काय आहे, अर्धवट तर सगळे' म्हणून तराजूत टाकण्यात आले. शेकडो घरांत हे झाले असेल आणि यंदाही होत असेल. थांबा. ती वही उघडा. पानावर कोणाचे नाव, कुठले गाव, कुठले साल, हे आठवत असेल तर पेन्सिलीने पाठीमागे लिहून ठेवा. उद्या ते आठवणारे माणूस घरात नसेल. वाळवीपासून जपा. गावातल्या वाचनालयाला विचारा, जवळच्या कलाशाळेला विचारा. धुरंधरांच्या कन्या अंबिकाबाई स्वतः चित्रकार होत्या. प्रत्येक चित्रकाराच्या नशिबी अशी लेक नसते. ज्यांना ती नव्हती, त्यांचे वारस आपणच.

आणि घरातल्या लहानग्याने फराळाच्या डब्याखाली घातलेल्या कागदावर बाभळीचे वेडेवाकडे, तीनदा खोडलेले चित्र काढले असेल, तर त्याला 'नीट काढ' म्हणू नका. 'ही फांदी इकडे का वळवलीस?' एवढेच विचारा. त्याच्यापाशी उत्तर असेल. मग त्या कागदावर आजची तारीख घाला आणि तो जपून ठेवा.